पान्याची नळी

तपासनीस गाडीखाली शिरून वीस मिनिटं झाली होती. बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते आणि बुटांवरून काही कळत नव्हतं.

मुलगी वर्कशॉपच्या दारात उभी होती. हात पुसून कोरडे झाले तरी ती ते पुसतच होती. जुन्या रेसिंग गाड्यांची नोंदवही ठेवणाऱ्या कचेरीला तपासनीस चार वाजता फोन करणार होता. तो ‘अस्सल’ म्हणाला तर प्रश्न मिटला. ‘नक्कल’ म्हणाला तर गाडी वहीतून जाणार, आणि तिच्यासोबत सहा तासांच्या शर्यतीची ओळही जाणार. विजेता म्हणून वडिलांचं नाव असलेली ती वहीतली एकुलती एक ओळ. वडील एक्याऐंशी वर्षांचे होते. नेहमीची तपासणी आहे, एवढंच तिने त्यांना सांगितलं होतं.

तपासनीस बाहेर आला. त्याने भिंग खिशात ठेवलं.

“ताई, चॅसिसवर नंबर एकशे एकोणपन्नास आहे.”

“हो. कागदावरही तेच आहे.”

“तीच तर पंचाईत आहे. एकशे एकोणपन्नास गेल्या वर्षी परदेशात सापडली. कारखान्याचा ठसा, पहिल्या दिवसापासूनचे कागद, सगळं जागेवर. तुमच्या शर्यतीच्या दोन महिने आधीच ती विकली जाऊन बोटीवर चढली होती. मग त्या दिवशी इथे कोण धावलं?”

“बाबा ज्यांच्याकडे मेकॅनिक होते, त्या मालकांकडे दोन गाड्या होत्या.”

“दुसरी एकशे सेहेचाळीस. तिच्यापुढे ‘सरावात अपघात, मोडीत’ असं लिहिलंय. आणि तुमच्या सांगाड्याच्या पुढच्या नळीवरचा आकडा कारखान्याचा नाही. हाताने ठोकलाय. असे आकडे बहुतेक कशासाठी ठोकतात, ते तुम्हाला सांगायला नको.”

“मी ठोकलाय.”

वडील मागच्या दारातून आले होते. एका हातात काठी, दुसऱ्यात चहाचा कप. त्यांनी किती ऐकलं होतं, याचा अंदाज तिला येईना.

“सरावात नळी वाकली,” ते म्हणाले. “वाकलेला तुकडा कापला, नवीन घातला, जुन्यावरचा आकडा नव्यावर ठोकला. ड्रायव्हरच्या मनगटाचा चुरा झाला होता. मालक म्हणाले, तूच बस. बसलो. यात लपवायचं काय आहे?”

“काका, मग ती अपघातातली गाडी सेहेचाळीस असणार.”

“असेल. आम्ही कुठे नंबराने हाका मारत होतो? एक थोरली, एक धाकटी.”

“पण आकडा एकोणपन्नासचा आहे.”

“मग एकोणपन्नासच असेल. मी आकडा चुकवीन?” वडिलांनी मुलीकडे पाहिलं. “यांना कुठून धरून आणलंस? भिंग मोठं दिसतंय, नजर बारीक दिसत नाही.”

तपासनीस हसला नाही. त्याने घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते.

मुलीने फळीवरून आकडे ठोकायच्या ठशांची लाकडी पेटी काढली. लहानपणापासून ती पेटी ती पाहत आली होती. आज पहिल्यांदा तिने त्यातल्या खोबण्या मोजल्या. दहा आकड्यांना नऊ खोबण्या. इंग्रजी सहा उलटा धरला की नऊ होतो, म्हणून त्या दोघांना मिळून एकच ठसा.

सेहेचाळीसचा एकोणपन्नास असाच झाला असणार. हे बोलायचं म्हणजे कामगारांची चूक इंचाच्या हिशेबाने काढणाऱ्या माणसाला परक्यासमोर ‘तुम्ही चुकलात’ म्हणायचं. न बोलावं तर दीड तासाने कचेरी त्यांना लबाड म्हणणार. तिने सहाचा ठसा वडिलांच्या तळहातावर ठेवला.

“बाबा, याची खालची बाजू कोणती?”

“त्याला मी पिवळ्या रंगाचा ठिपका—” ते थांबले. ठसा काळाकुळकुळीत होता. त्यांनी तो बोटांत फिरवला, उजेडाकडे धरला, परत फिरवला. चहा निवत होता. तपासनीस उगाच टायरकडे बघू लागला.

“ठिपका तेव्हाही गेला असेल,” वडील हळू आवाजात म्हणाले. “घाई होती. अर्ध्या तासात गाड्या लावायच्या होत्या.” मग ठसा पेटीत ठेवत म्हणाले, “एकेचाळीस वर्षं तिच्याखाली झोपतोय. कधी वाचला नाही. आपणच लिहिलेलं कोण वाचतं?”

“पुढे कचेरीच्या कारकुनाने गाडीवरचा आकडा बघून कागद केला,” मुलगी म्हणाली. “सेहेचाळीस कुठे दिसेना, म्हणून मोडीत टाकली.”

“पटतंय,” तपासनीस म्हणाला. “पण पटलं असं वहीत लिहिता येत नाही, ताई. वस्तू लागते. तो कापलेला तुकडा?”

“लोखंड कोणी फेकतं का?” वडील म्हणाले आणि भिंतीकडे बघू लागले.

मुलीनेही तिकडे पाहिलं. खिळ्याला हातभर लांबीची, लाल रंगाची नळी टांगली होती. चाकाचा नट हलेना की पान्याच्या दांड्यावर ती चढवायची, म्हणजे जोर वाढतो. सकाळीच तिने ती वापरली होती. तिला जो जरासा बाक होता, तो आपल्याच जोराने आला असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

रंग काढायचं औषध लावून तिघं थांबली. पापुद्रे सुटले. तिने चिंधीने पुसलं. करवतीच्या कडेला लागून एक गोल दिसला, त्याला शेपूट. एवढाच.

“हा सहा की नऊ?” तपासनीसाने विचारलं.

शेजारी आणखी एक पापुद्रा होता. तो नखाने निघेना. वडिलांनी काठी टेकवून ठेवली, नळी तिच्या हातातून घेतली आणि अंगठ्याने रंग दाबत ओढला. चार निघाला. चाराला डोकं असतं, पाय असतो. तो सरळ धरला की शेजारचा सहाच.

तपासनीसाने फोटो काढले, भिंग लावून कारखान्याचा ठसा दोनदा ताडून पाहिला. मग कागद मांडीवर घेतला.

“एकशे सेहेचाळीस, अस्सल. मोडीत निघाल्याची नोंद रद्द. शर्यत हिच्या नावावर चढवतो.” पेन थांबलं. “आकडा बदलल्याचं कारण लिहावं लागेल, काका. मोघम लिहू?”

“मोघम कशाला? लिहा, मेकॅनिकने ठसा उलटा धरला.”

“मेकॅनिकचं नाव?”

“वर विजेत्याचं लिहिलंय ना,” वडील म्हणाले, “तेच खाली लिहा.”