सहा अंश उतारावरचा सुतार

माणसाला मंगळावर पाठवायचं तर आधी अंथरुणात पाडावं लागतं, हे धोरण लिहिणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. डॉक्टरीणबाईंना मात्र ते पुरतं ठाऊक होतं. अंतराळात हाडं झिजतात, रक्त डोक्याकडे चढतं. जमिनीवर तेच घडवायचं, तर डोक्याकडे सहा अंश उतरत्या पलंगावर माणूस साठ दिवस पडून राहिला पाहिजे. जेवण, अंघोळ, सगळं आडवं. साठाव्या दिवशी त्याला उभं करायचं आणि हृदय काय करतं ते मोजायचं. त्या एका मोजणीसाठी बाईंनी चार वर्षं उंबरठे झिजवले होते.

आठ जण आले होते. सात जण पाठदुखी, कंटाळा, बायकोचा फोन अशा शास्त्रीय कारणांनी उठून गेले. उरला एक सुतार. छताच्या पट्ट्या ठोकणाऱ्याचा तो दिवसभर उद्धार करी. त्याची थोरली बहीण भेटायला आली की म्हणे, हाच उद्योग घरी पंधरा वर्षं चालू होता, तेव्हा कुणी रक्ताचे नमुने घेतले नाहीत.

चोपन्नाव्या दिवशी सरकार बदललं आणि त्याबरोबर मानवजातीचा मुक्कामही. आता मंगळ नको, चंद्र. तिथेही आधी यंत्रं, माणसं सवडीने. अंतराळ कार्यालयाचे साहेब आदेश घेऊन आले: पडलेल्यांना तत्काळ उठवावे.

बाईंनी फक्त सहा दिवस मागितले. आज उठवलं तर तो आकडा कायमचा हातचा गेला. साहेबांनी मायेने समजावलं की चंद्र जवळ आहे, तेव्हा हाडंही बेताचीच झिजतील. शिवाय एका माणसावरून काय सिद्ध होणार? एकावरून फारसं काही सिद्ध होत नाही, हे खरंच होतं. धोरण मात्र शून्यावरून ठरलं होतं.

"साहेब," पलंगावरून सुतार म्हणाला, "मला मधेच उठवायला माझी सही लागते ना?"

साहेबांनी संमतिपत्र चाळलं. लागत होती. उद्या कुणी तक्रार करू नये म्हणून त्यांच्याच कार्यालयाने ते कलम घातलं होतं.

"अहो, पण हे काम आता कुणालाच नकोय."

"गिऱ्हाइकाचं डोकं फिरलं म्हणून एका बिजागरीवर दार लटकत ठेवू? साठाव्या दिवशी या."

साहेब फाइल काखोटीला मारून गेले आणि जाता जाता त्यांनी स्वयंपाकी, परिचारिका परत बोलावून घेतल्या. मग सहा दिवस बहिणीने डबा आणला. बाई त्यातला घास न् घास तोलून घेत आणि ती बडबडत राही की, आमच्या सासूबाईसुद्धा इतकं मोजत नव्हत्या.

साठाव्या दिवशी दोघींनी त्याला उभं केलं. नाडी बासष्टवरून एकशे अडतीसवर गेली, रक्तदाब कोसळला आणि सहा मिनिटं बारा सेकंदांनी गडी बहिणीच्या खांद्यावर आडवा झाला.

"एवढ्यासाठी साठ दिवस?" शुद्धीवर आलेल्या भावाला पाणी पाजत तिने विचारलं.

"एवढ्यासाठीच, ताई," बाई म्हणाल्या. त्यांनी आकडा वहीत लिहून घेतला.

नव्या धोरणाच्या एकशे बाराव्या पानावर लिहिलं होतं की, परतलेला अंतराळवीर उभा राहून जनतेसमोर वीस मिनिटं भाषण करील. बाईंनी आपला आकडा कार्यालयाला कळवला. आठवड्याभरात उत्तर आलं: भाषण आटोपशीर करण्याचा विचार चालू आहे.