काचवाल्याची बसकी पिकअप

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे. जुनी म्हणजे सतरा वर्षांची. तुमच्यात सतराव्या वर्षी मुलं आरशासमोरून हलत नाहीत, आमच्यात सतराव्या वर्षी भंगारवाला फेऱ्या मारायला लागतो. पण माझ्याकडे एकदा नीट बघा. माझ्याइतकी बसकी, ठेंगणीठुसकी आणि रुबाबदार पिकअप या रस्त्यावर दुसरी सापडणार नाही. माझी स्तुती मीच करते, कारण बाकीच्यांना वेळ नसतो.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी उंच होते. माझा मागचा हौदा माणसाच्या छातीला लागायचा. मला विकत घेतलं काचेच्या दुकानाने. दुकान दोन भावांचं. थोरले म्हणजे माझे मालक, ते मला चालवायचे आणि घरोघरी जाऊन काचा बसवायचे. मालकीणबाई दुकानात काचा कापायच्या. हिऱ्याच्या पेनाने एक रेघ ओढायच्या, खालून बोटाने टिचकी मारायच्या, आणि काच मुकाट्याने दोन व्हायची. धाकटा भाऊ गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. प्रत्येकाला आपापलं काम जमत होतं.

मालकांनी माझ्या हौद्यात एक तिरकी लाकडी घोडी बसवली आणि तिला जुना गालिचा ठोकला. काच कधी आडवी नेत नाहीत, बरं का. आडवी काच स्वतःच्याच वजनाने मोडते. ती घोडीला टेकवून उभी न्यायची. अशा बारा-बारा काचा घेऊन मी पंधरा वर्षं फिरले आणि त्यातली एकही फोडली नाही. मालक सगळ्यांना सांगायचे, "हिच्या पाठीवर तान्हं पोर ठेवा, जागं होणार नाही." मी हे ऐकून इतकी फुगायचे की टायरांना हवा कमी लागायची.

मग मालक शिडीवरून पडले. खांद्याचा सांधा बसला, पण उजवा हात छातीच्या वर जाईना. आता छातीइतक्या उंच हौद्यात काच चढवायची कशी? दोनदा धाकट्याने हात लावला. तिसऱ्यांदा तो खिशात हात घालून उभा राहिला.

"दादा, घरातल्या घरात स्पष्ट बोललेलं बरं," तो म्हणाला. "ज्या दिवशी तुला एकट्याला काच चढवता येणार नाही, त्या दिवशी गाडीची किल्ली माझ्याकडे. तू गल्ल्यावर बस, पंख्याखाली. मजा कर."

गल्ल्यावर बसणं म्हणजे मालकांच्या लेखी जिवंतपणी फोटोत जाऊन बसणं. त्या दिवसापासून ते किल्ली खिशात घेऊन झोपायला लागले.

आता एक गुपित सांगते. मोठी कामं धाकट्याने केव्हाच भाड्याच्या गाडीवर वळवली होती. माझ्या वाट्याला राहिलं होतं काय, तर स्वयंपाकघराच्या खिडकीच्या दोन काचा आणि पुट्टीचा डबा. तरी निघताना मालक मोठ्याने म्हणायचे, "आज बरंच फिरायचंय." कुठे फिरायचंय ते मला माहीत असायचं. दोन गल्ल्या सोडून.

पण मालक डोक्याने तल्लख. हात वर जात नाही ना, मग गाडीच खाली आणू, असं त्यांनी ठरवलं. एका सकाळी आम्ही मेस्तरीणबाईंच्या गॅरेजात गेलो. बापाच्या माघारी गॅरेज चालवणारी ही बाई गाडीच्या नुसत्या आवाजावरून आजार ओळखायची. सोबत मालकीणबाई होत्या, आणि धाकटाही आला होता. गंमत बघायला.

मेस्तरीणबाईंनी माझा मागचा अ‍ॅक्सल कमानीच्या पाट्यांच्या खाली होता तो काढून पाट्यांच्या वर घेतला. पुढे आखूड स्प्रिंगा बसवल्या. मी चांगली वीतभर खाली आले. मग त्यांनी टेबलावर धक्के झेलणाऱ्या शॉकअपच्या दोन जोड्या ठेवल्या. एक करडी, एक पिवळीधमक.

"जुने शॉकअप आता लांब पडतात, तळाला आपटतील," त्या म्हणाल्या. "हे दोन्ही आखूडच आहेत. करडे मऊ, हलक्या गाडीला. पिवळे कडक, भरलेल्या गाडीला. कडकला पाटाही एक जास्त टाकावा लागेल, नाहीतर एवढ्या खाली आलेली गाडी ओझ्याने रबरी ठोकळ्यावर बसेल. काका, रोजचं वजन किती?"

मालकांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा टायरवर पाय ठेवून हसत होता.

"रोज भरूनच असते," मालक म्हणाले. "बारा-चौदा मोठ्या काचा. सात-आठशे किलो धरा."

"अहो," मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "दोन काचा आणि पुट्टीचा डबा..."

"तू गप्प बस. तुला गाडीतलं काय कळतं?"

मेस्तरीणबाई हात पुसत थांबल्या. "काका, शॉकअप वजनावर ठरतो, इज्जतीवर नाही. नक्की ना?"

उत्तर धाकट्याने दिलं. "दादाचं काम मोठं आहे हो. कडकच बसवा."

त्याला खरं माहीत होतं. मलाही माहीत होतं, मालकीणबाईंनाही. त्या गॅरेजात एकट्या मेस्तरीणबाईंनाच माहीत नव्हतं, आणि पाना त्यांच्या हातात होता.

खोटं कशाला बोलू, मित्रांनो, मला तेव्हा काही वाईट वाटलं नाही. पिवळे शॉकअप मला शोभत होते. सिग्नलला पोरं वळून बघायची. एक जण म्हणाला, "काय बसलीये गाडी." मी दिवसभर तेच आठवत होते.

आणि हौदा कमरेला आला. मालकांनी अंगणात सगळ्यांसमोर एक मोठी काच एकट्याने चढवली, घोडीला टेकवली, पट्टा आवळला. मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकट्याने टाळ्या वाजवल्या, सावकाश, एकेक करून.

पण रस्त्यावर माझी तऱ्हा निराळी झाली. हलक्या पाठीवर कडक शॉकअप म्हणजे पाप्याच्या पितराला पैलवानाचे जोडे. पूर्वी खड्डा आला की मी दबायचे आणि मग उठायचे. आता दबणं बंद, नुसतं उडणं. पहिल्याच आठवड्यात पुट्टीचा डबा उडून बाहेर पडला.

"बदलून घ्या हो," मालकीणबाई म्हणाल्या. "मेस्तरीणबाईंचं तासाभराचं काम."

"आणि काय सांगू? की मी खोटं बोललो?"

त्यानंतर धाकटा एक काम घेऊन आला. नाचाच्या वर्गाला भिंतीएवढा आरसा हवा होता. आठ फूट बाय पाच फूट. एकच.

"दादा, मोठं काम मागत होतास ना? घे. हे नीट पोचवलंस तर मी किल्लीचा विषय पुन्हा काढणार नाही. वहिनींच्या देखत सांगतो."

बारा आरसे दिले असते तर मी त्यांना पाळण्यातल्यासारखं नेलं असतं. त्याने बरोबर एक दिला.

मालकांनी आरसा चढवला. मालकीणबाई अंगणाच्या कोपऱ्यातून वाळूचं पोतं ओढत आल्या. "चार पोती टाकू मागे. वजन पडलं की उडणार नाही ती."

माझ्याहून शहाणी बाई, मित्रांनो. अगदी तेवढंच हवं होतं मला. चार पोती.

मालकांनी दुकानाकडे पाहिलं. धाकटा दारात उभा होता. "पोती टाकली की गावभर होईल, काचवाल्याची गाडी रिकामी फिरते म्हणून. ठेव ते खाली."

"मग मी बसते मागे. तेवढंच वजन. आणि हाताने धरीन."

याला मालक नाही म्हणाले नाहीत. बायको मागे बसलेली चालते, पोतं चालत नाही.

त्या हौद्यात चढल्या. हौदा इतका खाली होता की त्यांना कोणाचा हात लागला नाही. आरशाच्या कडेला जाड कापड धरून त्या बसल्या. मालक मला बैलगाडीसारखे हाकत होते. अर्ध्याहून जास्त रस्ता झाला. मग शाळेजवळचा गतिरोधक आला. नवा होता, त्यावर पांढरे पट्टे मारलेले नव्हते. मालकांना तो दिसला तेव्हा माझी पुढची चाकं त्यावर होती. मागची चढली आणि मी उडाले. एकदाच. पट्टा तुटला नाही, घोडी हलली नाही. आरसा जागच्या जागी, वरपासून खालपर्यंत तडकला आणि बसला, मालकीणबाईंच्या उजव्या हातावर.

त्या ओरडल्या नाहीत. "थांबा," एवढंच म्हणाल्या, जसं काही सामान उतरवायचं आहे.

निरोप मिळताच धाकटाच धावत आला, त्यानेच दवाखान्यात नेलं, दोन रात्री बाहेरच्या बाकावर बसून काढल्या. वाईट माणूस असा सबंध वाईट नसतो, हीच तर पंचाईत. डॉक्टरांनी शिवलं छान, पण दोन बोटांच्या शिरा जुळल्या नाहीत. ती बोटं आता मिटत नाहीत. हिऱ्याचं पेन त्यांत राहत नाही.

किल्ली धाकट्याने मागितली नाही. मालकांनीच काढून टेबलावर ठेवली. ते आता गल्ल्यावर बसतात. मालकीणबाई शेजारी बसतात. दोघांत एक पंखा.

धाकट्याने भाड्याची गाडी बंद केली. रोज सकाळी माझ्यावर बारा काचा चढतात. आणि ऐका, मी अशी चालते की विचारू नका. जास्तीचा पाटा, पिवळे शॉकअप, सगळं माझ्यासाठीच केल्यासारखं वाटतं. दर महिन्याला ग्रीस, दर रविवारी धुणं. परवा मेस्तरीणबाई मला बघून म्हणाल्या, "बघा, वजन बरोबर सांगितलं की गाडी कशी चालते." त्यांना कोणी काही सांगितलं नाही.

अशा वेळी जुन्या गाड्या म्हणतात, मुलांनो, आमची काळजी घ्या. मी म्हणणार नाही. माझी घेतली जाते. तुम्हाला सांगायचं ते वेगळंच. कोणी तुमचं वजन विचारलं तर आहे तेवढं सांगा, समोर कोणीही हसत असो. आणि शेजारची बाई हळू आवाजात खरं सांगत असेल, तर तिला बोलू द्या. पोतं ती आणते. नंतर ती स्वतः बसते.

काल मालकीणबाई अंगणात आल्या. डावा हात माझ्या हौद्याच्या कडेवर ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. "चालतेस आता," त्या म्हणाल्या.

बारा काचा भरून मी निघाले, फाटकाबाहेरच्या खड्ड्यातून गेले. एकही काच हलली नाही.