दोरीपलीकडची खुर्ची

निवृत्त पोस्टमास्तरांनी जुन्या वस्तू जमवून मांडायला वारसा मंडळ काढलं तेव्हा गावाला वाटलं, चार रिकामटेकड्यांची बसायची सोय झाली. ते फारसं खोटंही नव्हतं. जागा म्हणजे बंद पडलेल्या दूध डेअरीची खोली. कितीही धुतली तरी दमट दिवशी तिथल्या इतिहासाला आंबूस वास यायचा. सगळे बिनपगारी, त्यामुळे प्रत्येकाचा तोरा साहेबाचा.

पोस्टमास्तरांचा नियम एकच होता : आत आलेली वस्तू बाहेर जाणार नाही. न्हाव्याने आजोबांचा आरसा दिला आणि लगेच ‘दुकानात उजेड कमी पडतो’ म्हणत परत मागायला आला, तेव्हा हा नियम झाला. तेव्हापासून न्हावी आरशापुढे उभा राहून उसासे टाकायचा.

गावातल्या वस्तू संपल्या तसा पोस्टमास्तरांनी मोर्चा घराकडे वळवला. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, तेवढ्यात तिचं शिलाई मशीन त्यांनी मंडळात नेऊन ठेवलं. ती आली, रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

“अहो, त्यावर मी लेकीकडे जाईपर्यंत शिवत होते.”

“आता काही करता येत नाही. नियम आहे.”

भांडली असती तर त्यांनी निभावून नेलं असतं. पण बाईने संधीची वाट पाहिली. पोस्टमास्तर दाढ काढायला शहरात गेले, त्या दिवशी तिने त्यांची आरामखुर्ची हातगाडीवर घातली आणि मंडळात जमा केली.

सुजलेला गाल धरून ते परतले, तर खुर्ची वस्तूंपुढे बांधलेल्या दोरीपलीकडे, मशीनशेजारी. वर बायकोच्या अक्षरात चिठ्ठी : ‘हिच्यात बसून चहा मागत असत.’

ते तडक मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष म्हणजे गुरांचे डॉक्टर.

“बदलू की नियम,” डॉक्टर म्हणाले. “पण खुर्ची गेली की आरसा जाणार, मग माझ्या मेहुण्याचा नांगर. लोकांना काय दाखवायचं, डेअरीची मोरी?”

पोस्टमास्तर तसेच परतले. मंडळ मोडलं की आपण नुसते पेन्शनर उरणार, या विचाराने त्यांना धडकी भरायची. घरी ते स्टुलावर बसून अवघडत होते. तरी नियम राहिला.

वस्तू ज्याने दिली त्यानेच रविवारी येऊन तिची माहिती सांगायची, अशी मंडळाची पद्धत होती. खुर्चीची माहिती सांगायला पोस्टमास्तरांची बायको आली. नवऱ्याची चहा मागण्याची नक्कल तिने अशी काही केली की हसून हसून डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोस्टमास्तर मागे दाराशी कान लाल करून उभे होते.

“आणि हे मशीन?” एका पाहुणीने विचारलं.

“ते मी दिलेलं नाही, पण सांगते. संध्याकाळी मी शिवायला बसायचे आणि हे खुर्चीत बसून मला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून. लग्नापासून असंच. मशीन गेलं, तेव्हापासून मनातल्या मनात वाचतात.”

“म्हणजे ते हयात आहेत?”

“आहेत. तुमच्या मागे उभे आहेत.”

सगळे वळले. पोस्टमास्तरांना एकदम जाणवलं की आपलं मोठ्याने वाचणं बंद झालं, हे आपल्या लक्षातही आलं नव्हतं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. ते पुढे आले, दोरी उचलली, मशीन स्टँडवरून सोडवून पोटाशी धरलं.

“पोस्टमास्तर, नियम,” डॉक्टर म्हणाले.

“मोडला,” ते म्हणाले आणि चालू लागले. त्यांच्या मागे न्हावी निघालाच. आरसा आधीच त्याच्या काखेत होता. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

पायरीपाशी बायकोने त्यांना गाठलं.

“खुर्ची राहिली की.”

“राहू दे. मंडळात काहीतरी हवं ना. आणि तू गोष्ट छान सांगतेस.”

“मग पेपर वाचणार कुठे बसून?”

“उभ्याने वाचीन.”

तिने मशीनला खालून हात लावला. “मोठ्याने,” ती म्हणाली.