खाणीची सोयरीक

लाँड्रीवाल्याच्या बायकोने सकाळी दवाखान्याच्या चादरी धुऊन दोरीवर टाकल्या आणि दुपारी काढल्या, तर त्या धुवायला आल्या होत्या त्याहून मळक्या निघाल्या. तिने त्या पुन्हा हौदात बुडवल्या. गावाबाहेर कोळशाच्या खाणीसाठी चाचणीचा खड्डा खणायला घेतल्यापासून ट्रकांची ही काळी धूळ रोजचीच झाली होती. खाण जमिनीखालून जाणार, वर कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही, असं कंपनीची माणसं सांगत. पत्ता लागायला लागला होता. अंगणातल्या विहिरीचं पाणी आधी खोल गेलं, मग गंजासारखं पिवळं येऊ लागलं. सुरुंग उडाला की भांडी खडखडत, आणि इस्त्री करता करता मुलगी खोकत सुटे.

नवऱ्याला हे दिसत नव्हतं असं नाही. डाग ओळखण्यात ज्याची हयात गेली त्याला डाग दिसू नये? पण कंपनीला मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराने आपल्या मुलासाठी त्याच्या मुलीला मागणी घातली होती. लग्न झालं की खाणीतले सगळे कपडे धुवायला याच्याकडे. त्याआधी एक किरकोळ काम होतं: खाणीच्या परवानगीसाठी होणाऱ्या जनसुनावणीत उठून गावचं हवापाणी उत्तम आहे एवढं सांगायचं.

"मुलीला विचारलंत?" बायकोने विचारलं.

"तिला काय विचारायचं? तुला कुणी विचारलं होतं?"

नाही विचारलं. तिच्या आईलाही विचारलं नव्हतं. बापाने शब्द द्यायचा आणि मुलीने तो आयुष्यभर निभवायचा, यालाच त्या घरात चांगलं वळण म्हणत.

संध्याकाळी ठेकेदार बायकोसह मुलगी पाहायला आला. जावई व्हायचा तो आलाच नव्हता, त्याला वेळ नव्हता म्हणे. ठेकेदारीणबाईंनी खुर्चीवर आधी रुमाल पसरला, मग त्यावर बसल्या. मुलीला उभं केलं, चालवलं, वळवलं.

"खोकला कसला गं हा?" बाईंनी विचारलं.

"थंडी बाधली असेल," बाप घाईघाईने म्हणाला.

मुलीने पाण्याचे पेले पुढे केले. बाईंनी नाक मुरडलं आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढली.

"आमचं पाणी नाही चालत का तुम्हाला?" मुलीने सरळ विचारलं.

"अगं, इथलं कोण पितं! आम्ही तर अंघोळीलासुद्धा बाहेरून मागवतो."

ठेकेदार खो खो हसला. लाँड्रीवालाही हसला. बायको दारात उभी राहून त्या हसणाऱ्या तोंडाकडे बघत राहिली. इतकी वर्षं या माणसाला भिऊन काढली याची तिला पहिल्यांदाच किळस आली. पाहुणे गेल्यावर मुलगी म्हणाली, "आई, मला नाही जायचं त्या घरात." आई म्हणाली, "नाही जाणार तू."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दालनात सुनावणी भरली. रस्त्यावर पाणी मारलं होतं, ट्रक बंद ठेवले होते. सुनावणी घेणारे सरकारी साहेब आले, पंख्याखाली बसले, आणि हवा किती छान आहे म्हणाले. लाँड्रीवाला कडक इस्त्रीच्या सदऱ्यात उठला. "साहेब, आमच्या विहिरीचं पाणी म्हणजे नुसती काच!"

मागच्या बाकांवर बायका बसल्या होत्या. तिथून त्याची बायको उठली.

"खोटं बोलतात हे. ती विहीर बाद झालीय. कपडे धुवायलासुद्धा आम्ही टँकर घेतो. आणि ठेकेदाराच्या घरी मुलगी द्यायचं ठरलंय, म्हणून यांना पाणी काचेसारखं दिसतंय."

"खाली बस!" नवरा ओरडला.

"बाई, घरगुती भांडणं घरी," साहेब म्हणाले.

"घरीच होते की इतके दिवस. तिथेही धूळ आली. मुलगी माझी आहे, ती मी देत नाही. आणि हे पाणी चांगलं असेल तर साहेब, विहीर जवळच आहे. चला, सगळ्यांसमोर पेलाभर प्या."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. ज्यांच्या भिंतींना तडे गेले होते ते नखं बघत बसले. सुनावणी पुढे ढकलली, आणि लग्न मोडलं ते ठेकेदाराने दालनाच्या पायरीवरच. नवऱ्याने बायकोशी बोलणं टाकलं. मुलगी मात्र त्या दिवशी पोटभर जेवली.

सकाळी शेजारचा गृहस्थ, मास्तर आणि किराणावाला असे एकेक जण मागच्या दाराने आले. इकडेतिकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, बरं बोललात हो! आमच्या मनातलंच बोललात."

ती चादर पिळत होती. तिने मान वर केली.

"मनातलं होतं, तर काल तोंडाला काय झालं होतं? पुढच्या सुनावणीला मी मागे बसून राहणार आहे. उठायचं तुम्ही. आणि आता जायचं असेल तर पुढच्या दाराने जा."