भिंतीवरून परत आलेली ताटली

“दोन डब्या देतात, अन् त्यातली एक खोटी बी असू शकते म्हंतात. असं कुठी असते का, पार्बताबाई?”

शेजारणीच्या कानाशी कुरकुरत खुर्शीदबीनं फडकं पिळलं आणि मिस्बाहच्या कपाळावर ठेवलं. पाणी कानामागून उशीत उतरलं. पोरगी कण्हली, डोळे मात्र उघडले नाहीत.

शेजारी बाकावर बसलेल्या आपल्या वर्षालीच्या मानेला पार्बताबाईनं पुन्हा हात लावला.

“आई, कावून सारखी चाचपून राहिली?”

“पंख्याखाली बस,” पार्बताबाई म्हणाली. मान सकाळपेक्षा गरम होती.

मूर्तिजापुरात दोघींच्या परसात कमरेएवढी एकच भिंत. टायफॉइडही दोन्ही घरांत एका आठवड्यातच शिरला. अकोल्याच्या या दवाखान्यात डॉक्टर हसनैननी नीट बसवून समजावलं होतं: एका औषधानं हा ताप हटतो, की दोन मिळून लवकर हटवतात, ते पाहायचंय. प्रत्येकीला तिचा नंबर घातलेल्या दोन डब्या. एकीत नक्की औषध. दुसरीत कुणाला दुसरं औषध, कुणाला नुसती तशी दिसणारी गोळी. कुणाला काय, ते बंद पाकिटात. डॉक्टरांनाही ठाऊक नाही. दोघी आयांनी सह्या केल्या होत्या.

वर्षालीचा ताप आधी उतरला. मिस्बाहचा काही उतरेना. तशातही खुर्शीदबीनं वर्षालीसाठी मुगाची खिचडी पाठवली. ते भांडं घासून पार्बताबाई ओट्याशी उभी राहिली. त्या भिंतीवरून रिकामं भांडं कधी परत गेलं नव्हतं. शेतातला कापूस मोडून भाजीपाल्यावर आल्यापासून दुसरं काही नसलं, तरी सांभाराची, कोथिंबिरीची, जुडी जायचीच. पण आजारपणात मळ्याकडे बघतो कोण? घरात तेव्हा देण्याजोगं एकच होतं, ज्याचा गुण आला होता ते. तिनं वर्षालीच्या उरलेल्या डब्या भांड्यात ठेवल्या आणि वर आपली ताटली झाकली.

दुसऱ्या सकाळी ताटली परत आली. तीही रिकामी नव्हती. तिच्यात मिस्बाहच्या डब्या होत्या. वर्षालीचं औषध मधेच तुटायला नको ना!

त्यानंतर दोघी भिंतीशी भेटल्या, बोलल्या. डब्यांचा विषय कुणी काढला नाही.

आता मिस्बाहला इथं भरती केल्यावर डॉक्टर खाटेशी आले. मिस्बाहचा तक्ता पाहून त्यांनी चष्मा काढला.

“खाला, आता थांबण्यात अर्थ नाही. हिचं पाकीट उघडतो. एक औषध चालू होतं की दोन, ते कळलं की पुढचं इंजेक्शन ठरवू. गोळ्या वेळेवर घेतल्या ना हिनं?”

“एकबी नाई चुकली,” खुर्शीदबी म्हणाली. खोटं नव्हतंच ते.

“रिकाम्या डब्या?”

“घाईत घरीच राहिल्या, डॉक्टरसाहेब.”

नर्सनं पाकीट आणून दिलं. वर मिस्बाहचा नंबर होता. डॉक्टरांनी ते उजेडाकडे धरून कडेला बोट घातलं. खुर्शीदबी कोरडं झालेलं फडकं पिळतच होती. तिनं पार्बताबाईकडे पाहिलं आणि मान जराशी हलवली. नको.

डब्या आपण आधी पाठवल्या, त्याचा बोल आपल्यावर येऊ नये म्हणून ही स्वतःच्या पोरीचा जीव टांगून ठेवतेय, हे पार्बताबाईला कळलं. वर्षालीनं पंख्याखालीही ओढणी अंगाभोवती गुंडाळून घेतली होती. तिला हुडहुडी भरली होती.

पार्बताबाई उठली. पाकिटावर हात ठेवून उभी राहिली.

“काय झालं, बाई?”

“हे फाडून मिस्बाहचं काई नाई समजनार, डॉक्टर. तिनं माह्या वर्षालीच्या गोळ्या खाल्ल्या, अन् वर्षालीनं तिच्या. म्याच सुरू केलं.” तिनं मागे न बघता वर्षालीचा हात धरून पुढे ओढला. “अन् हिले पुन्हा ताप हाये.”