लाल्याचं सुतक

सिंधूने कडब्याची पेंढी पुढे धरली. लाल्याने तोंड फिरवलं आणि पुन्हा आबांच्या रिकाम्या खाटेपाशी जाऊन तो खुराने माती उकरू लागला.

"राहू दे व बाई," मनकर्णाबाई दारातून लेकीला म्हणाल्या. "तुहे आबा गेले तवापासून घोड्यानं काडी तोंडात नाही घेतली."

टांगा सुटला की आबा या खाटेवर बसून गुळाच्या खड्यात अफू दाबायचे. अर्धा खडा त्यांचा, अर्धा लाल्याचा. उंद्री गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शेजारच्या कलाबाईने येऊन घोड्याच्या पायांवर पाणी घातलं.

"डोयाले कसं पानी हाय, पाह्य! सख्खे भाऊ बी इतके नाही रडले."

"लोक म्हनत, अफीमखाऊ हाय, त्याच्यासाठी कोन रडनार?" मनकर्णाबाई उंबरा ओलांडून पुढे आल्या. "आता येऊन पाहा म्हनाव."

सिंधू घोड्याकडे पाहत राहिली. वाहणारं नाक, जांभया, थरथरणाऱ्या मांड्या, पातळ लीद. नागपूरच्या प्रयोगशाळेत ती उंदरांवर काम करायची. पिंजऱ्यातली कळ दाबली की उंदराला मॉर्फीन मिळे. मेंदूतली रसायनं त्या औषधाशी जुळवून घेत, आणि मग ते बंद केलं की उंदरांची अशीच दशा होई. पंजे सोलवटले तरी ते कळ दाबत राहत. लाल्या खाटेखालची माती उकरत होता.

तिलाही त्याच्या डोळ्यांतलं पाणी खरं हवं होतं.

"माय, याले..."

"काय व?"

"काही नाही."

दुपारी लाल्याचे पुढचे गुडघे दुमडले. मनकर्णाबाई शेजारी गेल्या होत्या. सिंधूने आबांची अफूची डबी उघडली. त्यांच्या मापापेक्षा कमी अफू घेतली; उद्या आणखी कमी करायची होती. गुळाचा खडा तळहातावर धरताच लाल्याने ओठांनी तो उचलला आणि तळहात चाटून कोरडा केला.

उन्हं उतरता उतरता तो उठला. पाणी प्यायला, कडबा ओढू लागला. खाटेकडे त्याची पाठ होती.

मनकर्णाबाई कमरेवर घागर घेऊन अंगणात आल्या आणि थबकल्या.

"खाल्लं त्यानं?"

"हाव, माय."

कडबा चावल्याचा आवाज येत राहिला.

"इतक्यात इसरला?"

सिंधूने पुढे होऊन घागर उतरवून घेतली. मनकर्णाबाईंचा हात मात्र कमरेपाशी तसाच वळलेला राहिला.