उगायची हद्द

वागायान मेला तो अर्धं पोतं मिठापायी. जपानी फौज डोंगरात येऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून मीठ दिसेनासं झालं होतं. लुमाबेन गावचा हा वागायान पाठीवर मीठ घेऊन दानागच्या हद्दीतून घरी चालला होता. एवढं मीठ छावणीवाल्यांखेरीज कोण देणार, म्हणजे हा त्यांचा हेर, असं दानागच्या दुमायागनं मनाशी ठरवलं आणि नदीकडच्या उतारावर त्याला भाल्यानं भोसकलं. दुमायाग तेवीस वर्षांचा, रानात लपून जपान्यांशी लढणाऱ्यांत नुकताच सामील झालेला.

उगायला बातमी लागली तेव्हा ती भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी होती. दुमायाग तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा, तिनंच वाढवलेला. आणि दानाग-लुमाबेनचा बोदोंगही तिच्याच घरात होता. एकमेकांचं रक्त सांडायचं नाही, असा तो दोन गावांचा तह. आजोबांनी बांधला, बापानं राखला, बापाला मुलगा नव्हता म्हणून तिच्याकडे आला. लुमाबेनचं माणूस दानागच्या हद्दीत शिरलं की त्याच्या जिवाची हमी उगायची. दानागचं माणूस तिकडे गेलं की हमी लुमाबेनकडून तह राखणाऱ्या बानुतानची.

तिनं पाय धुतले आणि उतार गाठला. अंगावरचं कांबळं काढून वागायानवर घातलं, सांडलेलं मीठ ओंजळीनं भरून पोत्यात परत टाकलं आणि प्रेताशेजारी बसून राहिली. घोंगावणाऱ्या माशा हाकलत होती, रडत नव्हती.

दुपारी मेयर लाम्माव आला. पूर्वी तो शाळामास्तर होता; दोन भाषा लिहिता येतात म्हणून फौजेनं त्याला मेयर केलं होतं. तेव्हापासून तांदूळ द्या, हमाल द्या एवढंच त्याच्या तोंडी असे, आणि गावाच्या शिव्या खाऊन तो वाळून गेला होता. उगायचा बालपणचा सोबती, त्यामुळे तिच्याशी तो आडपडदा ठेवत नसे.

"लुमाबेनवाले उद्या-परवा भाले घेऊन येतील," तो म्हणाला. "त्याआधी मी कप्तानाच्या कानावर घालतो, की लुमाबेन रानातल्या लोकांना पोसतंय. तो ते गाव जाळून मोकळा होईल. आपल्यावरचं संकट टळलं."

"आणि संकट टळल्यावर मी कुणाला तोंड दाखवू?"

"अगं, कसला तह घेऊन बसलीस? आता वर जपान बसलंय."

"जपान दोन वर्षांपूर्वी आलं, लाम्माव. उद्या जाईलही. लुमाबेन कुठं जाणार आहे?"

लाम्माव उठून निघाला. कप्तानाकडे मात्र गेला नाही.

संध्याकाळी रानातूनही निरोप आला. लढाईच्या दिवसांत हेराच्या मरणाची भरपाई द्यायची नसते, तह लढाई संपेपर्यंत बाजूला ठेवा, असं त्यांचं म्हणणं. उगायनं निरोप्याला भात वाढला आणि उलट निरोप दिला. संशय होता तर माणूस जिवंत धरून तिच्यापुढे आणायचा. लढाई त्यांची असेल, हद्द तिची होती.

घरी दुमायाग उंबऱ्यात बसला होता. आजोबांच्या काळात एका तह राखणाऱ्यानं आपल्याच घरातला गुन्हेगार आपल्याच हातानं मारून तह वाचवला होता, हे त्याला ठाऊक होतं. रानात पळून जायला अख्खा दिवस मिळाला होता. तो गेला नव्हता, हे तिनं पाहिलं.

"मावशी, त्यानं मीठ कुठून आणलं ते तरी विचार."

"विचारलं असतं. तू त्याला बोलायला शिल्लक कुठं ठेवलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चार माणसांनी प्रेत बांबूला बांधून खांद्यावर घेतलं. पुढे उगाय, डोक्यावर मिठाचं पोतं. हत्यार कुणाकडेच नव्हतं. नदीच्या पुलावर फौजेची चौकी होती आणि मेयरच्या चिठ्ठीशिवाय तिथून कुणाला सोडत नसत. चिठ्ठी तिनं मागितली नव्हती. ती पुलाशी पोचते तोच मागून लाम्माव धापा टाकत आला, तिला ओलांडून पुढे गेला, शिपायापुढे कमरेत वाकला आणि कागद धरला. पटकीनं मेला, असं त्यावर लिहिलं होतं. शिपायानं नाकावर हात धरून त्यांना घाईघाईनं पलीकडे हाकललं. भाल्याची जखम कुणी उघडून पाहिली असती तर लाम्मावचं डोकं तिथंच उडालं असतं. पलीकडे गेल्यावर तो दगडावर बसला. उगायनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि वाट धरली.

लुमाबेनच्या वेशीत पन्नासेक माणसं भाले घेऊन उभी होती. त्यांच्यापुढे बानुतान; तह राखणारे म्हणून तो आणि उगाय एकमेकांना भावंडं मानत. मेलेला वागायान त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा.

"ताई," तो म्हणाला, "आज तू आली नसतीस तर माझं काम सोपं झालं असतं."

"म्हणून तर आले, दादा."

त्याच्या हद्दीत तिचा जीव आता त्याच्या हमीत होता. तो वळला आणि तिच्याकडे पाठ करून आपल्याच माणसांसमोर उभा राहिला. हळूहळू भाले खाली झाले.

बोलणं दोन दिवस चाललं. निवाडा होईपर्यंत तिथलं अन्न-पाणी तिला वर्ज्य होतं. ती अंगणात सोबत आणलेल्या भोपळ्यातलं पाणी पीत बसून राहिली. म्हशी द्यायची रीत होती, पण दोन्ही गावांच्या म्हशी फौजेनं आणि रानातल्यांनी कधीच खाल्ल्या होत्या. शेवटी वागायानची बायको दिन्नाय पुढे आली. म्हशी घेऊन मी काय करू, म्हणाली. तीन लेकरं आहेत, राबणारा गेला.

दुमायागच्या वाट्याचं झऱ्याकाठचं खाचर उगायनं तिला देऊ केलं. ते दुमायागच कसेल आणि पीक स्वतःच्या पाठीवर इथं आणून पोचवील, हत्याराशिवाय, धाकटं लेकरू मोठं होईपर्यंत.

"आणि वाटेत त्याला कुणी मारलं तर?" बानुताननं विचारलं.

"तर तुझी हमी. आपण दोघं आहोत कशाला?"

बानुताननं दिन्नायकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. मग उगायनं मिठाचं पोतं तिच्यापुढे ठेवलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. वागायान सहा दिवस चालून समुद्राकाठी गेला होता. तिच्या गळ्यातली आईची मण्यांची माळ देऊन त्यानं हे मीठ आणलं होतं.

घरी येऊन उगायनं दुमायागला हे सगळं सांगितलं, काही न गाळता. मान खाली घालून त्यानं ऐकलं. रानात तो पुन्हा गेला नाही. सुगीनंतर भाताचा भारा पाठीवर घेऊन तो पहिल्यांदा लुमाबेनला निघाला. वेशीपासून वागायानचे दोन पुतणे भाले घेऊन त्याच्या दोन्ही अंगांनी चालले. त्याच्या मागे, इतक्या जवळून की टाचेला टाच लागावी, बानुतान स्वतः चालत होता. दिन्नायनं भारा उतरवून घेतला. ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि पुढेही कधी बोलली नाही.

त्यानंतर वर्षभरानं हरत आलेली फौज याच डोंगरात मागे सरकत आली. जाताना तिनं दानाग जाळलं, कोठारांसकट. दोनशे माणसं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठीवर घेऊन, एका दिवसात लुमाबेनच्या वेशीत पोचली. बानुताननं कुणालाच अडवलं नाही. जो तो दिसेल त्या घरात शिरला आणि त्या त्या घरानं भांडं चुलीवर चढवलं.

सगळ्यांच्या शेवटी, बरंच अंतर ठेवून, लाम्माव उभा होता. फौजेचा मेयर म्हणून तो सगळ्या डोंगरात बदनाम झाला होता, आणि लुमाबेनमधूनही हमाल त्याच्याच कागदावर गेले होते. तो पुढे येईना.

बानुताननं त्याच्याकडे बोट दाखवलं. "ताई, हाही तुझाच?"

"हाही माझाच," उगाय म्हणाली.

"मग उभा का आहे? ये म्हणावं."